एक पान जास्त

डिसेंबरच्या भागात ‘परदेशातला आमचा सण’ या विषयावर पंधरा मिनिटं बोला, असं मला सांगण्यात आलं. मी आयटी सल्लागार. पंधरा मिनिटं म्हटलं की माझ्या डोक्यात आधी स्लाइड तयार होतात. रेडिओवर त्या दाखवता येत नाहीत, हे तुमचं नशीब. तर सरळ सांगते.

२०१९ चा डिसेंबर आणि २०२० चा जानेवारी असे मिळून चार आठवडे आमच्या घरी, शिकागोच्या उपनगरात, पूर्व युक्रेनमधल्या एका अनाथाश्रमातली दोन मुलं राहून गेली. सख्खी भावंडं. बहीण १३ वर्षांची, भाऊ ९ वर्षांचा. त्यांची खरी नावं मी सांगणार नाही. माझ्या सासूबाईंनी पहिल्याच दिवशी त्यांची नावं उच्चारायचा एकदा प्रयत्न केला आणि मग परस्पर बारसं करून टाकलं, ती ताई आणि तो बाळू. तीच नावं इथे वापरते.

हा काय प्रकार आहे ते आधी सांगते, कारण आपल्या मंडळींत फारसा कुणाला माहीत नसतो. युद्धाआधीच्या काळात युक्रेनमधल्या आश्रमातली मुलं नाताळच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत अमेरिकेतल्या कुटुंबांकडे तीन-चार आठवडे राहायला यायची. त्यासाठी संस्था आहेत. कुटुंबाच्या बोटांचे ठसे घेतात, पार्श्वभूमी तपासतात, घर पाहायला माणूस येतो, खर्च तुम्ही करायचा. आणि एक नियम पुन्हा पुन्हा बजावतात, की मुलांसमोर दत्तक हा शब्द काढायचा नाही. आशा दाखवून परत पाठवणं हे त्या मुलांना आयुष्यात एकदा झालेलंच असतं. मला तो नियम फार शहाणपणाचा वाटला.

दुसरी गोष्ट, ‘अनाथ’ या शब्दाबद्दल. आपल्याला वाटतं, आई नाही, बाप नाही, म्हणजे अनाथ. पण तिथल्या आश्रमांत, त्यांच्या भाषेत इंटरनातमध्ये, राहणाऱ्या बहुतेक मुलांचं कुणी ना कुणी जिवंत असतं. कुठे दारू, कुठे आजारपण, कुठे नुसतं दारिद्र्य. कुठे कोर्टाने आईवडिलांचे हक्क काढून घेतलेले. आमच्या ताई-बाळूची आई वारली होती, वडिलांचे हक्क गेले होते आणि आईची आई गावात होती. म्हातारी, एका खोलीत राहणारी, पण होती. हे पुढे लागणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

सासूबाई तेव्हा सहा महिन्यांसाठी सांगलीहून आल्या होत्या. निवृत्त संस्कृत शिक्षिका. सासरे जाऊन दोन वर्षं झाली होती आणि त्या गप्प गप्प असायच्या. मी त्यांना विचारलं, “आई, दोन मुलं येणार आहेत, तुम्हाला त्रास होईल का?” त्या म्हणाल्या, “मला चाळीस-चाळीस मुलांच्या वर्गाची सवय आहे. दोनांचं काय सांगतेस!”

पहिल्या रात्री जेवणं झाली, अंथरुणं घातली. ताईने फोनवरच्या भाषांतराच्या ॲपमध्ये काहीतरी टाइप केलं आणि मला दाखवलं. “आज रात्री ड्यूटीवर कोण आहे?” मला वाटलं, ॲप चुकलं. तिने पुन्हा टाइप केलं. पुन्हा तेच. मग लक्षात आलं. तिच्याकडे मोठी माणसं पाळीने येतात. दिवसाची बाई वेगळी, रात्रीची वेगळी. भावाला रात्री बरं नसलं तर कुणाला उठवायचं, हे तिला झोपण्याआधी माहीत असायला लागतं. मी नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने माझ्याकडे. सासूबाईंनी काय चाललंय ते विचारलं, मी सांगितलं. त्यांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, “मी. रोज मीच.” त्याला भाषांतर लागलं नाही.

बाळूची तऱ्हा वेगळी. सकाळी सासूबाई चहा करत होत्या आणि तो ओट्याला चिकटून पाहत उभा. पाण्यात साखर पडली तसे त्याचे डोळे मोठे झाले. त्याच्या समजुतीप्रमाणे चहा गोडच असतो, मोठ्या किटलीतून गोडच येतो. त्यात साखर कुणीतरी घालतं हे त्याने कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवसापासून साखर घालायचं काम त्याच्याकडे गेलं आणि महिनाभर आम्ही सगळ्यांनी पाक प्यायला. बटाटा सोलणं, पोळी फुगणं, फोडणी तडतडणं हे सगळं त्याला सर्कशीसारखं होतं. शंभर मुलांचं जेवण शिजतं ते बंद दाराआड, आणि खिडकीतून ताट बाहेर येतं.

खाण्याचा प्रश्न होताच. आमचं घर शाकाहारी, नवरा बाहेर अंडी खातो तेवढंच. संस्थेला तसं आधीच कळवलं होतं. पण वाढत्या वयाच्या मुलांना महिनाभर वरणभात, हे मला पटेना. वेगळा तवा आणला, चिकनचं तयार पाकीट आणलं, आणि सासूबाई तेवढा वेळ देवघराकडे तोंड करून बसायच्या. निभलं.

भाषेचं मात्र त्यांनी सोनं केलं. ताई दाराला ‘द्वेरी’ म्हणाली आणि सासूबाई खुर्चीतून उठल्याच. द्वार! मग रोज संध्याकाळी दोघींचा वर्ग. भाऊ म्हणजे ब्रात, आपला भ्राता. तीन म्हणजे त्री. चार म्हणजे चोतिरी, चत्वारि. आई म्हणजे माती, इथे आधी दोघी हसल्या आणि मग सासूबाईंनी मातृ लिहून दाखवलं. आजीला त्यांच्याकडे बाबुस्या म्हणतात. ते कानावर पडल्यावर सासूबाई म्हणाल्या, “हे बाबू-बिबू नको, आजीच म्हणा.” मुलं आजी म्हणायला लागली.

२५ डिसेंबरचा नाताळ आमच्याकडे तसा उरकलाच. झाड, दिवे, मॉल, भेटवस्तू. आमची मुलगी तेव्हा ११ वर्षांची होती, तिची हौस झाली. मॉलमध्ये एक गंमत झाली. ‘कॅरोल ऑफ द बेल्स’ लागलं होतं, इथे डिसेंबरभर सगळीकडे वाजणारं ते घंटानादाचं गाणं. ताई थबकली आणि तिने चक्क मान हलवून नापसंती दाखवली. हे गाणं आमचं आहे, म्हणाली, आणि नाताळचं नाहीच. घरी येऊन मी शोधलं, तर खरंच. मूळ गाणं ‘श्चेद्रिक’. मिकोला लेओन्तोविच या युक्रेनियन संगीतकाराने लोकगीतावरून बांधलेलं, १९१६ मध्ये कीव्हला पहिल्यांदा गायलं गेलेलं. युक्रेनियन गायकवृंदाने १९२२ मध्ये ते न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये म्हटलं आणि १९३६ मध्ये त्यावर इंग्रजी शब्द बसवले गेले. मूळ शब्दांत घंटा नाहीतच. एक पाकोळी घरधन्याकडे उडत येते आणि त्याच्या भरभराटीची बातमी सांगते. ते नव्या वर्षाचं गाणं. आपली ओवी कुणी उचलून वाढदिवसाचं गाणं केलं, तर आपणही अशीच मान हलवू.

त्यांचा खरा सण ६ जानेवारीच्या संध्याकाळी. तेव्हा युक्रेनमधली बहुतेक चर्चं जुन्या, ज्युलियन पंचांगाने चालायची. ते आपल्या नेहमीच्या कॅलेंडरच्या १३ दिवस मागे, म्हणून नाताळ ७ जानेवारीला. शिकागोच्या युक्रेनियन व्हिलेज भागात तर थोड्याच अंतरावर दोन मोठी युक्रेनियन चर्चं आहेत. एकाने नवं कॅलेंडर स्वीकारलं, तेव्हा ज्यांना ते मान्य नव्हतं त्यांनी जुन्या कॅलेंडरचं दुसरं उभारलं. हे ऐकून सासूबाई म्हणाल्या, “म्हणजे आपल्याकडे दाते आणि टिळक पंचांग!” ज्यांच्या घरी टिळक पंचांगवाले नातेवाईक आहेत आणि ज्यांनी अधिक महिन्यापायी दोन-दोन दिवाळ्या पाहिल्या आहेत, त्यांना जास्त समजावून सांगायला नको.

त्या संध्याकाळला स्व्यात वेचिर म्हणतात, पवित्र संध्याकाळ. दिवसभर उपास, पहिली चांदणी दिसली की जेवायला बसायचं. बारा पदार्थ, आणि एकातही मांस नाही, दूध नाही, लोणी नाही. मासे चालतात. म्हणजे त्यांच्या सर्वांत मोठ्या सणाचं जेवण आमच्या स्वयंपाकघरात जवळपास जसंच्या तसं होण्यासारखं होतं. आणि पहिला घास असतो कुत्याचा. आपल्या कानाला विचित्र लागतं, पण कुत्या म्हणजे गव्हाची खीर. अख्खे गहू शिजवायचे, त्यात मध, वाटलेली खसखस, अक्रोड, बेदाणे.

हे कळल्यावर सासूबाईंना आवरणं अशक्य झालं. गव्हाची खीर म्हणजे त्यांचा हातखंडा. सांगली-कोल्हापूरकडे ही खीर खपली गव्हाची आणि गुळाची. गहू युक्रेनियन व्हिलेजमधल्या दुकानात मिळाले, खसखस डेव्हन ॲव्हेन्यूवरून आणली, आणि तिथेच भांडण झालं. ताईने पुडी उघडली आणि म्हणाली, ही खसखस नाही. खसखस काळी असते. सासूबाई म्हणाल्या, मी साठ वर्षं अनारशाला हीच लावतेय. त्यांच्याकडची खसखस निळसर काळी आणि आपली पांढरी, दोन्ही खऱ्या. पण १३ वर्षांच्या मुलीला आपल्या सणाच्या बाबतीत तडजोड नको होती आणि ७० वर्षांच्या बाईला आपल्या खिरीच्या बाबतीत. मी पुन्हा गाडी काढली, काळी खसखस आणली. दोन पातेली चढली. एकात काळी खसखस आणि मध. दुसऱ्यात पांढरी खसखस, गूळ, वेलदोडा. दूध घालायचं नाही यावर ताई ठाम होती, तेव्हा सासूबाईंनी नारळाचं दूध काढलं. ताईने ॲपवर बराच वेळ विचारपूस केली, नारळ हे झाड आहे याची खात्री करून घेतली आणि परवानगी दिली.

खसखस तिकडे मातीच्या खरबरीत भांड्यात लाकडी दांड्याने घोटतात, पांढरं दूध सुटेपर्यंत. ताईला तिच्या आजीने ते कसं करायचं हे दाखवलं होतं. आमच्याकडे मिक्सर. तो तिला फसवाफसवी वाटला. शेवटी सासूबाईंनी सांगलीहून आणलेला खलबत्ता काढून दिला आणि ती दोन तास कुटत बसली.

पहिली चांदणी काही दिसली नाही. जानेवारीतलं शिकागो, आकाश राखाडी. बाळूने खिडकीतून एक विमान पाहिलं आणि तेच चांदणी म्हणून मंजूर झालं. बारा पदार्थांत तांदूळ भरलेले कोबीचे गड्डे असं त्यांचं थोडं, आणि बटाट्याची भाजी, मुगाची उसळ, साबुदाण्याचे पापड असं आमचं बरंच.

पानं मांडताना ताईने एक जास्त मांडलं. आम्ही सहा होतो, पानं सात. मी उचलायला गेले, तिने माझा हात धरला. म्हणाली, “मामा.” आई. मग ॲपवर सविस्तर लिहिलं, की या रात्री घरातली गेलेली माणसं जेवायला येतात, त्यांच्यासाठी एक पान मांडायचं आणि कुत्या रात्रभर टेबलावर झाकून ठेवायची.

मी ते सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या काही बोलल्या नाहीत. आत गेल्या, आणखी एक ताटवाटी घेऊन आल्या आणि त्या सातव्या पानाच्या शेजारी आठवं मांडलं. नवऱ्याने विचारलं, “आई, आज काय तिथी?” त्या म्हणाल्या, “आज यांची तिथी, ती आपल्यालाही चालते.” त्यांनी त्या ताटात नारळाच्या दुधाची खीर वाढली, कारण सासऱ्यांना ती आवडायची. ताईने शेजारच्या ताटात काळी वाढली. मग थोडं थांबून दोघींनी एकमेकींच्या पातेल्यातलं एक-एक डावभर दुसऱ्या ताटातही घातलं. दोन वर्षांत त्या संध्याकाळी पहिल्यांदा सासूबाई जेवताना सासऱ्यांबद्दल बोलल्या. त्यांच्या मिशीला खीर कशी लागायची ते. मुलांना शब्द कळले नाहीत, पण अभिनय कळला.

पुढच्या आठवड्याचं थोडक्यात सांगते. त्यांच्या जुन्या पंचांगाप्रमाणे १४ जानेवारीला नवं वर्ष. सकाळी मुलगे घरोघर जाऊन धान्य उधळतात, घरात सुबत्ता यावी म्हणून. बाळू पहाटेच उठला आणि त्याने आमच्या बैठकीत, जिन्यावर आणि माझ्या लॅपटॉपवर उरलेले गहू उधळले. १५ तारखेला आपली संक्रांत. शेजारच्या मराठी घरी वर्षाच्या मुलाचं बोरनहाण होतं. इथे बोरं कुठली, तर चुरमुरे, गोळ्या, मार्शमेलो. बाळूने ते पाहिलं आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की कालच तर तुम्ही व्हॅक्यूम घेऊन माझ्यामागे फिरत होतात! शेवटी त्यालाही पाटावर बसवलं. नऊ वर्षांच्या मुलाचं बोरनहाण शास्त्रात बसतं का, हे सासूबाईंनी तपासलं नाही.

आता त्या नियमाबद्दल. दत्तक हा शब्द काढायचा नाही हे आम्ही दोघांनी पाळलं. आमच्या मुलीला मात्र तो आपल्याला लागू आहे असं वाटत नव्हतं. निघायच्या तीन दिवस आधी तिने ताईला ॲपवर सरळ विचारलं, की तुम्ही इथेच का राहत नाही? ताईचं उत्तर माझ्या मुलीने मला दाखवलं, ते मी जपून ठेवलंय. “आमची आजी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बसने येते. आम्ही इथे राहिलो तर ती कुणाला भेटायला येईल?”

माझ्या व्यवस्थापनाच्या शिक्षणात प्रत्येक गोष्टीचा खर्च आणि परतावा मांडायला शिकवलं होतं. त्या पोरीने तो हिशेब आमच्याआधी मांडून ठेवला होता.

इथे मला जरा कडक बोलायचंय. आपल्यातली बरीच मंडळी भारतात सुट्टीला गेली की मुलांचा वाढदिवस एखाद्या अनाथाश्रमात करतात. हेतू चांगलाच असतो. पण तासाभरासाठी जायचं, केक कापायचा, तिथल्या मुलांना रांगेत उभं करून गाणं म्हणायला लावायचं आणि त्यांच्यासोबतचे फोटो फेसबुकवर टाकायचे, हे मला पटत नाही. ज्यांना स्वतःच्या वाढदिवसाची तारीखही नक्की माहीत नसते, अशी मुलं त्यात असतात. शिवाय २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या ७४ व्या कलमाने अशा मुलांची ओळख पटेल असं काही किंवा त्यांचा फोटो प्रसिद्ध करायला बंदी आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे बहुतेकांच्या गावीही नसतं. द्यायचंच असेल तर बालगृहाला विचारा काय हवंय. बरेचदा उत्तर साधं असतं, दहावीच्या गणिताला कुणीतरी आठवड्यातून दोनदा हवंय. ते व्हिडिओ कॉलवर इथूनही करता येतं.

तर, मुलं गेली. ओहेअर विमानतळावर बाळू रडला, ताई नाही. दर रविवारी फोन सुरू झाला. उन्हाळ्यात पुन्हा बोलवायचं ठरलं होतं, पण मार्चमध्ये सगळं जगच बंद झालं. आणि मग २४ फेब्रुवारी २०२२. पाच दिवस फोन लागला नाही. सांगलीहून सासूबाईंचे दिवसाला चार फोन, “लागला का?” सहाव्या दिवशी ताईचा दोन शब्दांचा निरोप आला, तळघरात आहोत. नंतर त्यांचं इंटरनात आधी ल्विव्हकडे आणि तिथून पोलंडला हलवलं. दोघं एकत्र राहिली, याचं श्रेय त्या रात्रपाळीच्या बायांना, ज्या स्वतःची घरं मागे टाकून मुलांबरोबर गेल्या. आजीने मात्र गाव सोडलं नाही. अजूनही ती तिथेच आहे आणि महिन्याचा पहिला रविवार आता फोनवर होतो.

युक्रेनने २०२३ मध्ये कायदा करून नाताळची सुट्टी ७ जानेवारीवरून २५ डिसेंबरला आणली. त्या वर्षी ताईने लिहिलं, आता आपला सण एकाच दिवशी, पण चांदणी तेवढीच उशिरा येते. यंदा ती १८ वर्षांची झाली. पोलंडमध्ये केटरिंगचा अभ्यासक्रम करते आहे. गेल्या आठवड्यात निरोप आला, की बाळूला काळी नको, आजीची पांढरी कुत्या हवी आहे, प्रमाण पाठवा. सासूबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, “प्रमाण कसलं, अंदाजाने घालायचं.” तिला ग्रॅममध्ये हवं होतं. मग व्हिडिओ कॉलवर त्यांना वाट्या मोजायला लावून मी एक्सेलमध्ये तक्ता केला आणि पाठवला.

इथे अमेरिकेत असं काही करायचं असेल तर काय, हे मला बरेच जण विचारतात. इथे जुन्या अर्थाने अनाथाश्रम जवळपास उरलेले नाहीत. १८५४ ते १९२९ या काळात पूर्वेकडच्या शहरांतली सुमारे दोन लाख मुलं रेल्वेत बसवून पश्चिमेकडच्या शेतकरी कुटुंबांकडे पाठवली गेली. स्टेशनावर उतरवून रांगेत उभी करायची, ज्याला जे आवडेल ते त्याने न्यायचं. १९०९ मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांनी व्हाइट हाउसमध्ये परिषद बोलावली आणि मूल शक्यतो घरातच वाढावं, हे धोरण म्हणून मांडलं गेलं. २०२३ मध्ये सुमारे साडेतीन लाख मुलं फॉस्टर केअरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या पालक-कुटुंबांत होती. इलिनॉयमध्ये हे काम डीसीएफएस हे सरकारी खातं बघतं. मूल कायमचं घरी ठेवणं जमणार नसेल तर नेहमीच्या पालकांना एखाद्या शनिवार-रविवारची सुट्टी देता येते, त्याला रेस्पिट म्हणतात. नाहीतर कासा म्हणून योजना आहे. १९७७ मध्ये सिअ‍ॅटलच्या एका न्यायाधीशाने सुरू केली. त्यात प्रशिक्षित स्वयंसेवक एकाच मुलाच्या खटल्यावर लक्ष ठेवतो आणि न्यायाधीशाला सांगतो, या मुलाला काय हवंय.

आमच्या घरी मात्र पूर्ण परवान्याचा अर्ज गेलाय. बोटांचे ठसे पुन्हा दिले, घर पुन्हा दाखवलं. प्रशिक्षण येत्या फेब्रुवारीत सुरू होतंय. मुलगी आता १६ वर्षांची आहे, तिने स्वतःची खोली रिकामी करून तळघरात जायची तयारी दाखवली आहे, अर्थात त्यात तिचाही स्वार्थ आहे. सासूबाईंना फोनवर सांगितलं, तर त्यांनी आधी विचारलं, शाकाहारी घर म्हणून अडत नाही ना? मी म्हटलं, नाही अडत. मग म्हणाल्या, तिकीट कधीचं काढू, रात्रीच्या ड्यूटीला कुणीतरी लागेल.